ऊन बघून वेटसूट घेतला आणि भर मे महिन्यात काकडले

मे महिना. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला सकाळी अकरा वाजता २९ डिग्री, मागच्या अंगणात लिंबाखाली शेजाऱ्यांचं मांजर पाय ताणून पडलेलं, आणि मी गाडीत सर्फबोर्ड कोंबत मनात म्हणतेय की आज समुद्रात काय मज्जा येणारे. माझ्या डोक्यात मे महिना म्हणजे भाट्याचा समुद्र. रत्नागिरीत मे महिन्यात समुद्राचं पाणी ३० डिग्रीच्या आसपास असतं, विसण घातलेल्या आंघोळीच्या पाण्यासारखं, संध्याकाळी आत गेलं की बाहेर यावंसं वाटत नाही. थंडीत जानेवारीत सुद्धा २५-२६ च्या खाली फारसं जात नाही. त्यामुळे समुद्राला "टेंपरेचर" नावाची काही भानगड असते हे वयाच्या अडतीसाव्या वर्षापर्यंत माझ्या गावीही नव्हतं. समुद्र म्हणजे समुद्र, खारट आणि कोमट.

तर वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा तो अंगाला चिकटणारा रबरी सूट, घ्यायचा म्हटल्यावर मी काय केलं, हवामानाचं अ‍ॅप बघितलं, ऊन बघितलं, आणि ऑनलाईन एका बाईकडून सेकंडहँड ३/२ उचलला, साठ डॉलरला (हे आकडे जाडीचे, पुढे सांगते). माझ्या मापापेक्षा एक साईज मोठा होता पण मी म्हटलं बरंच आहे की, श्वास घ्यायला जागा राहील. पंजाबी ड्रेस शिवायला टाकताना "थोडा लूज ठेवा हां" सांगायची आयुष्यभराची सवय, दुसरं काय.

सॅन मटेओचा पूल ओलांडला, डोंगर चढून पलीकडे उतरायला लागले तर समोर पांढरी भिंत. धुकं. पॅसिफिका गावाला लिंडा मार बीचवर पोचले तेव्हा गाडी १३ डिग्री दाखवत होती. तरी मी आपली खुशीत, कारण पार्किंगमध्ये सगळे हसतखेळत कपडे बदलत होते. आत गेले. गुडघ्यापर्यंत ठीक होतं म्हणजे दुखत होतं पण ठीक, कमरेपर्यंत आले आणि मग पहिली फेसाळ लाट डोक्यावरून गेली आणि मानेपासून माकडहाडापर्यंत कोणीतरी फ्रीजमधली बाटली सरळ ओतली. श्वास आत गेला तो बाहेर येईचना, हं हं हं असं कुत्र्यासारखं चाललेलं. याला कोल्ड शॉक म्हणतात हे नंतर कळलं, पहिलं एक मिनिट माणूस नुसता धापा टाकतो, त्याच्या हातात काही नसतं, आणि त्यावेळी तोंड पाण्याखाली असेल तर काम तमाम. तेव्हा मला वाटलं हार्ट अ‍ॅटॅक आला.

पंधरा मिनिटांत बोटं गेली. म्हणजे होती जागेवर, पण करंगळी एकीकडे निघाली ती परत शेजारच्या बोटाला चिकटेना, पंजा कोंबडीच्या पायासारखा फाकलेला. बाहेर आले, गाडीची किल्ली त्या नंबरवाल्या कुलपाच्या डबीत, मागच्या हुकाला लटकवलेली, आणि चार छोटी चाकं फिरवायची होती. फिरेनात! दाताने पण प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. शेवटी शेजारच्या गाडीतल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला बोलावलं आणि थरथरत त्याला चारही आकडे सांगितले, आमच्या लग्नाची तारीख आहे ती. त्याने दोन सेकंदांत उघडलं आणि माझ्या सूटकडे बघून अगदी कळकळीने विचारलं, हा तुझ्या आईचा आहे का?

सोमवारी ऑफिसात हे सगळं माझ्या टीममधल्या एका मुलाला सांगितलं. हा कोल्हापूरचा, लहानपणी पोहायला शिकला तो पंचगंगेत, खारं पाणी बघितलं तेच गणपतीपुळ्याच्या सहलीला, आणि इथे गेली नऊ वर्षं दर शनिवारी सर्फिंग करतो. मी रत्नागिरीची, आणि माझा समुद्राचा गुरू कोल्हापूरचा, आमच्याकडे कोणाला सांगायची सोय नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आवो ताई, ऊन बघून वेटसूट घेतला व्हय? पाण्याला काय कॅलेंडर कळतंय? बोया बघायचा बोया."

बोया म्हणजे आपल्या कोळ्यांच्या जाळ्यावर असतो तो नव्हे, त्याचा अवाढव्य भाऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला अठरा सागरी मैलांवर अमेरिकन सरकारचा एक पिवळा बोया नांगरून ठेवलाय, नंबर ४६०२६, आणि तो लाटांची उंची, वारा, पाण्याचं तापमान असं सगळं मोजून पाठवत राहतो, नेटवर फुकट बघता येतं. आम्ही ऑफिसातच त्या शनिवारचे आकडे उघडले. पाणी ५२ फॅरनहाइट. म्हणजे ११ सेल्सिअस. माठातलं पाणीसुद्धा याच्यापुढे गरम म्हणायचं.

आता मला पडलेला प्रश्न असा की भर उन्हाळा तोंडावर आलेला असताना पाणी गार कसं? हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात गरम, एवढं साधं आहे ना? तर इथे नाहीये. उत्तर कॅलिफोर्नियात समुद्र सगळ्यात गार असतो तो साधारण एप्रिल-मेमध्ये, जानेवारीपेक्षाही गार, आणि त्याचं कारण वारा. वसंतात वायव्येकडून वारा सुटतो तो किनाऱ्याला समांतर, खाली दक्षिणेकडे वाहत राहतो दिवसचे दिवस. वाटतं की पाणीही त्याच्याबरोबर दक्षिणेला जात असेल, पण पृथ्वी फिरते त्यामुळे आपल्या उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, आणि इथे उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात. दुधावरची साय फुंकर मारून बाजूला करतो ना, तसं ते वरचं तापलेलं पाणी बाजूला होतं आणि त्याच्या जागी खालचं येतं, जिथे ऊन कधी पोचलेलंच नाही. याला अपवेलिंग म्हणतात. त्या गार पाण्यावरून दमट हवा आली की धुकं, ज्याचं इथल्या लोकांनी कार्ल असं नाव ठेवलंय, आणि आतल्या बाजूला फ्रीमाँट सॅन होजे तापलं की ते धुकं आणखीनच आत ओढलं जातं. थोडक्यात माझ्या अंगणात जितकं ऊन कडक, तितकी पॅसिफिकाला हुडहुडी भरायची शक्यता जास्त. मी जे बघून सूट घेतला ते नेमकं उलटं बघितलं होतं.

मग वारा पडतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी वर्षातलं सगळ्यात बरं होतं, १४-१५, कधी त्याच्याही वर. मी त्याला इथली ऑक्टोबर हीट म्हणते. एल निनोचं वर्ष असेल तर सगळे आकडे आणखी वर सरकतात, ते वेगळं.

हे वाचताना मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की असलीच भानगड आपल्याकडेही आहे. पावसाळ्यात केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या किनाऱ्याला याच पद्धतीने खालचं गार पाणी वर येतं, आणि तिकडे सोमालियाला तर मान्सूनच्या वाऱ्याने पाणी चांगलंच गार पडतं. खालून येणाऱ्या पाण्यात खाद्य असतं, त्यावर वाढते तारली, बांगडा. म्हणजे ताटातला बांगडा आणि माझी फाकलेली करंगळी या दोन्हीमागे कारण एकच. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "बांगडा फुकट मिळतो का गो तिथे मग?"

बरं, आता मुद्द्याचं. वेटसूटवर ते ३/२, ४/३, ५/४ लिहिलेलं असतं ते मिलिमीटर आहेत. पहिला आकडा छाती-पाठ, दुसरा हातपाय. हातपायाला पातळ का, तर पॅडल करताना, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारताना, खांदा फिरायला हवा, नाहीतर अर्ध्या तासात दंड भरून येतात. मी स्वतःसाठी आता असं धरते की पाणी २४ च्या वर असेल तर वेटसूटचं नावच काढू नका, गोव्यात मोरजी-अश्वेमला किंवा कर्नाटकात मुल्कीला सर्फिंगला जाणाऱ्यांनी फक्त लायक्राचा रॅशगार्ड घ्यावा, तोही उन्हासाठी आणि बोर्डवरच्या मेणाने पोट सोलू नये म्हणून. २० ते २३ ला अर्ध्या बाह्यांचा दोन मिलीचा चालतो. १७ ते २० ला ३/२. १३ ते १७ ला ४/३. त्याच्या खाली गेलं की ४/३ बरोबर बूट आणि टोपी, किंवा सरळ ५/४. आणि १० च्या खाली जाणारे लोक वेगळ्या मातीचे असतात, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. वारा असेल किंवा तुम्ही माझ्यासारखे बारीक आणि थंडीला भित्रे असाल तर एक पायरी जाड घ्या. सॅन डिएगोला ऑगस्टमध्ये गेलो होतो तेव्हा पाणी २१ होतं, माझा तोच बदनाम ३/२ तिथे उकडायला लागला. एकच राज्य, एकच महासागर. तिथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्यावर १९१६ पासून रोज पाण्याचं तापमान मोजतायत, मला हे फार आवडलं, शंभर वर्षं कोणीतरी रोज बादली बुडवतंय.

आता वेटसूट काम कसं करतो. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की सूटच्या आत पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि तेच आपल्याला ऊब देतं. अर्धवट खरं आहे. खरी ऊब त्या निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरामध्ये, जे बारीक बारीक बुडबुडे कोंडलेले असतात त्यांची. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि मधे ही बुडबुड्यांची रजई असते. थर्मोकोल आहे हो, अंगाला घालायचं थर्मोकोल. हे डोक्यात आणलं बर्कलीच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने, ह्यू ब्रॅडनर, १९५१-५२ च्या सुमारास. हा आधी लॉस अलामोसला अणुबाँबच्या कामावर होता. त्याचं म्हणणं असं की माणूस ओला झाला तरी हरकत नाही, ऊब टिकवणारी वस्तू मधे असली की झालं. पेटंट काही त्याच्या नावावर झालं नाही. पुढे धंदा केला तो जॅक ओनीलने, सॅन फ्रान्सिस्कोत १९५२ ला दुकान, मग १९५९ ला सांताक्रूझ. त्याच्या आधी इथले सर्फर लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात जायचे म्हणे. ओली लोकर अंगावर, त्या पाण्यात, कल्पना करा! आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८८५ मध्ये, हवाईचे तीन राजपुत्र इथे शिकायला आले होते, त्यांनी सांताक्रूझला नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर लाटा घेतल्या, अंगावर निओप्रीन कुठून असणार, ते रसायनच मुळी १९३० चं. माझा त्यांना कोपरापासून नमस्कार.

बुडबुड्यांमुळे एक गोष्ट होते ती म्हणजे सूट म्हातारा होतो. दोन-तीन वर्षं नेमाने वापरला की बुडबुडे दबतात, ४ मिली नावाला राहतात. सेकंडहँड घेताना म्हणून रंग बघू नका, गुडघ्याला आणि पाठीला चिमटीत धरून दाबून बघा, चपाती शिळी आहे की ताजी ते जसं बोटाला कळतं तसंच हे कळतं.

शिवण हा दुसरा प्रकार, आणि इथे मला माझ्या आत्याचा उपयोग झाला. ती साड्यांना फॉल लावून द्यायची, आणि तिचा एकच आग्रह, टाका सुलट्या बाजूला दिसता कामा नये, कापडाचा अर्धाच धागा उचलायचा. चांगल्या वेटसूटची शिवण अगदी तशीच असते. दोन तुकडे आधी गोंदाने चिकटवतात आणि मग सुई आरपार न नेता अर्ध्या जाडीतूनच टाका घेतात, त्याला ब्लाइंडस्टिच म्हणतात, भोक नाही त्यामुळे पाणी नाही. स्वस्त सूटला फ्लॅटलॉक असते, दोन्ही बाजूंनी रेल्वेच्या रुळासारखी दिसते, आरपार भोकं, भोकाभोकातून पॅसिफिक महासागर आत. माझा साठ डॉलरवाला तोच होता. कोमट पाण्याला फ्लॅटलॉक काही वाईट नाही, पण १२ डिग्रीला नको. दुकानात सूट उलटा करून शिवण बघायला लाजू नका, साडीच्या दुकानात बसून पदर उलटा करून बघतोच की आपण.

पण जाडी आणि शिवण एकीकडे आणि माप एकीकडे. मी हे तीन सूट बदलून शिकले, की सैल ५/४ पेक्षा घट्ट ४/३ कधीही गरम. सैल असेल तर प्रत्येक लाटेला आतलं पाणी बदलतं, म्हणजे शरीराने कष्टाने तापवलेलं पाणी गेलं आणि नवीन गार आलं, आपण नुसतंच समुद्र तापवत बसायचं. दुकानात घालून बघाल तेव्हा पहिला विचार "हे मला होत नाहीये" असाच यायला पाहिजे. मी फिटिंग रूममध्ये वीस मिनिटं होते, बाहेरून नवरा दोनदा विचारून गेला की आहेस ना. मग खाली बसून बघायचं, दोन्ही हात वर करून बघायचं, काखेत हवेची पिशवी राहते का, कमरेच्या खोलगट भागात पाठीपासून सुटतो का (बायकांना इथेच गंडतो, आणि तिथेच पाणी साठतं), मांड्यांच्या मधे वरपर्यंत बसतो का, मानेपाशी दोन बोटं जेमतेम जातात का. बायकांच्या मापात ४, ६, ८ असे आकडे असतात आणि काही कंपन्या त्यात शॉर्ट आणि टॉलही देतात, ते जरूर विचारा, आपल्या पाच फूट एक इंचाला त्या गोऱ्या बायकांच्या मापाची घोट्याशी चुणी पडते. पाण्यात गेल्यावर सूट थोडा सैलावतो हे लक्षात ठेवा, आणि गळ्यातलं काढा. मी एकदा मंगळसूत्र तसंच आत ठेवलं तर घरी येईपर्यंत छातीवर काळ्या मण्यांची अख्खी ओळ उमटलेली.

सूटची चेन (झिप) कुठे असावी यावर लोक भांडतात. पाठीवरची चेन घालायला सोपी पण तिथून पाणी येतं, छातीवरची जास्त गरम पण घालणं म्हणजे मांजरीने बरणीत शिरण्यासारखं. माझा उजवा खांदा आधीच कुरकुरणारा, त्यामुळे मी पाठीवरची घेतली आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. पैशाचं म्हणाल तर बरा ४/३ दीडशे-दोनशे डॉलरपासून, वर पाचशे-सहाशेपर्यंत जातो. पहिले तीन-चार वेळा तरी भाड्याने घ्या, वीसेक डॉलर दिवसाला, आपल्याला हा छंद झेपतोय की नाही ते तरी कळेल. भाड्याच्या सूटमध्ये लोकांनी काय काय केलेलं असतं त्याचा विचार करू नका. हो, करतात. सगळे करतात. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा छी म्हटलं, आणि दुसऱ्या महिन्यात ११ डिग्रीच्या पाण्यात दोन सेकंद जी ऊब मिळाली त्यानंतर कोणालाही छी म्हणायचा अधिकार मी गमावला. घरी आल्यावर धुवा म्हणजे झालं.

घालायची एक युक्ती, पायात प्लास्टिकची पिशवी चढवून मग पाय घाला, सर्रकन जातो. इंडियन स्टोअरच्या भाजीच्या पातळ पिशव्या यासाठी बेस्ट. आणि नखाने ओढू नका, बोटाच्या पेरांनी चिमूट धरून वर सरकवा, माझ्या ३/२ ला मांडीवर तीन चंद्रकोरी आहेत त्या माझ्याच नखांच्या. काढताना घमेल्यात उभं राहायचं. मी हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंट कालवायचं मोठं काळं घमेलं आणलंय, त्यात उभी राहते, सूट सोलते, वाळू-पाणी सगळं त्यातच, तेच उचलून डिकीत. पार्किंगमधल्या एका आजोबांनी विचारून घेतलं कुठून आणलं ते.

बूट तीन मिलीचे घ्या, नाहीतर बोर्डवर उभं राहताना पाय कुठे पडला तेच कळत नाही. हातमोज्यांचं मला जमत नाही, बोर्ड धरल्यासारखा वाटत नाही, पण मे महिन्यात घालते. टोपीची मी टिंगल करायचे, आता टोपीशिवाय जात नाही, कारण गार पाणी कपाळावर आपटलं की घाईत बर्फाचा गोळा खाल्ल्यावर येते तशी कळ येते डोळ्यांच्या मधोमध. आणि कान. हे मनावर घ्या. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की कानाच्या नळीत हाड वाढायला लागतं, सर्फर्स इअर म्हणतात, नळी हळूहळू बंद होत जाते आणि मग ड्रिल करून ते हाड काढावं लागतं. आमच्या कोल्हापूरकराचा डावा कान अर्धा बुजलाय, मीटिंगमध्ये तो नेहमी डावीकडच्या कोपऱ्यात बसतो ते का ते मला तेव्हा कळलं. वीस डॉलरचे इअरप्लग मिळतात.

निओप्रीन हे पेट्रोलियमपासून किंवा चुनखडीपासून बनतं, दोन्हीकडे रसायनं तीच घातक, "चुनखडीवालं म्हणजे पर्यावरणपूरक" असं दुकानदार सांगतात ते फार मनावर घेऊ नका. रबराच्या झाडाच्या चिकापासूनचे सूट आता मिळतात, पॅटागोनिया कंपनीने २०१६ पासून ते मोठ्या प्रमाणात आणले. महाग आहेत. दोडामार्गाला रबराच्या बागा झाल्यात त्यातला चीक कधीतरी इकडे यावा अशी माझी एक वेडी कल्पना आहे, म्हणजे कोकणाचं काहीतरी अंगावर घालून या गारढोण पाण्यात जाता येईल.

धुणं सोपं, गोड्या गार पाण्यात बुचकळायचा, पिळायचा नाही, मशीन तर नाहीच, उलटा करून सावलीत, आणि खांद्यावर हँगरला टांगू नका, वजनाने खांदे लांबतात. कमरेत दुमडून दांडीवर टाका, धोतर वाळत घालतो तसा. हा नियम मी मागच्या जुलैत एकदाच मोडला, घाईत बाथरूमच्या दाराला हँगरवर अडकवून ठेवला, बाह्या खाली, टोपी वर. आई तेव्हा इथे आलेली. रात्री दोनला उठली, लाईट न लावता बाथरूमकडे गेली, आणि जी किंचाळली, की समोरच्या घरातला लाईट लागला. मी धावत गेले तर ती भिंतीला टेकून, हातात एक चप्पल, "कोण मेला उभा आहे गो इथे, टपटप पाणी गळतंय त्याच्या अंगातून!"

दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम लिंडा मारला नेली. स्वेटर, शाल, कानटोपी, वर माझं जाकीट, जुलै महिन्यात. पाण्यात पाय घातला आणि घोटा बुडायच्या आत काढला. आयुष्य समुद्राकाठी गेलेली बाई, पण पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा समुद्र नव्हे. हे बर्फाच्या कारखान्यातलं पाणी." मी बाहेर आले तेव्हा थर्मासमधला सुंठ घातलेला चहा तिने आधीच ओतून ठेवला होता आणि कुलपाची डबी माझ्याकडून मागून घेतली, आकडे तिला पाठ होते.

जाता जाता, लेकीचा मागच्या वर्षीचा ४/३ विकायचाय, मुलांचा १० साईज, ब्लाइंडस्टिच, डाव्या गुडघ्याला एक पॅच आहे (मीच चिकटवलाय, तिथून पाणी येत नाही). पोरं वर्षात सूटच्या बाहेर येतात त्यामुळे नवा घेऊ नका. फ्रीमाँट-युनियन सिटीत कोणाला हवा असेल तर कळवा, चाळीस डॉलर, घासाघीस करणार असाल तर पस्तीस. घमेलं मिळणार नाही.